अहेराची वही आणि घटस्फोटातील वाटणी : कॅलिफोर्नियातील एका मध्यस्थी सेवेचा अनुभव

आम्ही दोघांनी वेगळे व्हायचे ठरवले तेव्हा लग्नाला बारा वर्षे झाली होती आणि त्यांपैकी अकरा अमेरिकेत गेली होती. एकमेकांवरचा राग तोवर बराच निवला होता. प्रश्न उरला होता तो वस्तूंचा, आणि त्या दोन देशांत विखुरलेल्या होत्या. न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहण्याऐवजी आम्ही कॅलिफोर्नियातील एका खाजगी मध्यस्थी सेवेकडे गेलो. तिच्या काही उणिवाही येथे सांगायच्या असल्यामुळे नाव देत नाही. बैठकांतील बोलणे गोपनीय असते, त्यामुळे कोण काय म्हणाले हेही लिहिणार नाही. सेवेने काम कसे केले, एवढेच लिहिते.

सहा बैठका झाल्या, शुल्क तासाप्रमाणे होते आणि ते आम्ही निम्मे निम्मे भरले. मध्यस्थ बाई कौटुंबिक कायद्याच्या जाणकार वकील आहेत, परंतु मध्यस्थ या नात्याने आपण दोघांपैकी कोणाचीही बाजू घेऊन सल्ला देऊ शकत नाही आणि करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने तो आपापल्या वकिलाकडून तपासून घ्यावा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी लेखी दिले.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात लग्नानंतर कमावलेली मिळकत समाईक मानली जाते आणि ती निम्मी निम्मी वाटली जाते. लग्नापूर्वीचे, वारशाने आलेले आणि भेट म्हणून मिळालेले मात्र ज्याचे त्याचे राहते. आम्ही आधी चार वर्षे न्यू जर्सीत होतो, तेथील बचतीलाही घटस्फोटाच्या वेळी हाच नियम लागू झाला. पगार, घर, निवृत्तीची खाती यांचा हिशेब त्यामुळे सरळ होता आणि तो दोन बैठकांत संपला. खरी कसोटी लग्नातल्या भेटींची होती, कारण तेथे कोणी दिले आणि कोणाला दिले यावर सारे अवलंबून असते.

मध्यस्थ बाईंनी निम्म्याचा विषय काढण्याआधी आम्हाला एक तक्ता करायला लावला : वस्तू कोणती, कोणी दिली, कोणाच्या हाती दिली, केव्हा दिली आणि आज ती कोठे आहे. हा तक्ता भरताना माझ्या वडिलांनी जपून ठेवलेली अहेराची वही कामी आली. पाकिटे, भांडी, साड्या, सगळे तिच्यात देणाऱ्याच्या नावासह नोंदलेले होते. परंतु तिच्यामुळेच एक असा प्रश्न उभा राहिला, ज्याचे उत्तर त्यांच्या कायद्यात तयार नव्हते. आपल्याकडे अहेर वधूवरांच्या हातात दिला जातो, पण तो पुष्कळदा एका घराने दुसऱ्या घराला दिलेला असतो. माझ्या वडिलांनी पूर्वी ज्यांच्या घरच्या लग्नांत अहेर केला होता त्यांनी तो माझ्या लग्नात परत केला, आणि उरलेल्यांचा वडील आजही त्यांच्या घरच्या कार्यांत फेडत आहेत. मग पाकिटांतली रक्कम आमची की वडिलांची? बाईंनी हे घाईने बाजूला सारले नाही. त्यांनी वही समजावून घेतली, ‘फेड’ म्हणजे काय हे पुन्हा पुन्हा विचारले आणि ज्या अहेराची फेड आईवडील करतात तो वाटणीतून वगळावा, तर आम्हा दोघांच्या मित्रमंडळींनी दिलेला अहेर निम्मा निम्मा धरावा, असा मार्ग आम्हालाच सुचेपर्यंत वेळ दिला. या एका तासासाठी मी या सेवेची कायम ऋणी राहीन. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचा अपमान न होता ही गोष्ट मिटेल, असे मला वाटले नव्हते.

दागिन्यांचे प्रकरण अधिक नाजूक होते. माहेरहून आलेल्या पाटल्या आणि सासूबाईंनी लग्नात घातलेला चंद्रहार यांबद्दल दोन्ही देशांचे कायदे माझ्याच बाजूचे होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधनावर पत्नीची संपूर्ण मालकी असल्याचे सांगितले आहे, मग ते सासरच्यांनी दिलेले का असेना. आणि कॅलिफोर्नियातही माझ्या एकटीच्या हाती दिलेली भेट ती माझीच. अडचण आली ती लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला पतींनी पगारातून घेऊन दिलेल्या हिऱ्यांच्या संचाची. मी त्याला मनाने स्त्रीधन समजत होते. तेथील कायदा मात्र असे म्हणतो की पतीपत्नींनी समाईक पैशातून एकमेकांना दिलेली वस्तू लेखी नोंद नसेल तर समाईकच राहते. दागिना किंवा कपडा यांना सूट आहे, पण घरच्या परिस्थितीच्या मानाने त्याची किंमत मोठी नसेल तरच. ऐकताना वाईट वाटले. तरीही नियम दोघांसमोर एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगितला गेल्यामुळे त्यावर वाद झाला नाही. संच माझ्याकडे राहिला आणि त्याच्या निम्म्या किमतीएवढा माझा गाडीतला वाटा कमी झाला.

हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार लग्नातल्या भेटींची यादी वर्णन, अंदाजे किंमत आणि देणाऱ्याच्या नावासह करून सही घेऊन ठेवायची असते. आमच्या लग्नात ती कोणी केली नव्हती. केली असती तर निदान एक बैठक वाचली असती.

आता उणिवा. भारतातील कायद्याचा जाणकार या सेवेकडे नाही, आणि हे आम्हाला चौथ्या बैठकीत कळले, जे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. भारतातील आमची सदनिका दोघांच्या नावावर होती. कॅलिफोर्नियातील न्यायालय आम्हाला आदेश देऊ शकते, पण भारतातल्या नोंदी बदलू शकत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, आणि ते करण्यासाठी मुखत्यारपत्राची वेगळी धावपळ आली. शिवाय अमेरिकेतील न्यायालयाचा हुकूमनामा भारतात थेट बजावता येत नाही, कारण अमेरिका त्यासाठीच्या परस्पर मान्यतेच्या देशांत मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या नरसिंह राव निकालामुळे, हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशात मिळालेला घटस्फोट येथे मान्य होण्यासाठी दुसऱ्या पक्षाची खरी संमती महत्त्वाची ठरते. त्यामुळे आम्हा दोघांची संमती करारात स्पष्ट शब्दांत यायला हवी होती. पहिल्या मसुद्यात तिचा उल्लेख नव्हता. माझ्या भारतातील वकिलांनी तो घालून घेतला. स्त्रीधनाचा निपटारा झाल्याचे वाक्यही त्यांच्याच आग्रहाने आले. अमेरिकेत घटस्फोट होऊन सर्व वस्तूंची वाटणी झाल्यानंतर काही वर्षांनी मुलीच्या वडिलांनी स्त्रीधनासाठी भारतात फिर्याद केल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. मुलीने अधिकार दिल्याशिवाय वडिलांना तो हक्क नाही, असे २०२४ मध्ये ठरले. पण तेथवर पोहोचेपर्यंत दोन्ही घरांनी काय सोसले असेल, याचा विचार मला सोडत नाही.

कराच्या बाबतीत मात्र मध्यस्थ बाईंनी वेळेवर सावध केले : घटस्फोटानिमित्त एकमेकांच्या नावे केलेल्या मालमत्तेवर साधारणपणे कर लागत नाही, पण घेणारा अमेरिकेचा अनिवासी परदेशी ठरत असेल तर ही सवलत मिळत नाही. पती भारतात परतणार होते, म्हणून शेअर त्यांच्या नावे आधी करून घेतले.

दोघेही कागद उघडपणे टेबलावर ठेवायला तयार असतील तर ही सेवा मी नि:शंकपणे सुचवीन. मारहाण, धाक किंवा लपवलेला पैसा असेल, अथवा एकाचा व्हिसा दुसऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असून घटस्फोटासोबत तो दर्जाही जाणार असेल, तर आधी स्वतःचा वकील गाठावा. पहिल्या बैठकीला जाताना अहेराची वही, लग्नाचे फोटो आणि लॉकरमधील वस्तूंची यादी बरोबर न्यावी, आणि भारतातील वकिलाचा खर्च हिशेबात वेगळा धरावा.