आयटीसीचे ३५,००० रुपये मागितले, तिथंच उठायला हवं होतं

आकडा आधी सांगून टाकतो: २,३५,००० रुपये. पोराला पोर्तुगालच्या फुटबॉल क्लबात खेळवतो म्हणणाऱ्या एका भामट्या एजंटनं लुबाडलेले, तेही एकाच घराचे, म्हणजे आमचे. पेठेतल्या आणखी दोन घरांचे गेलेत, पण ती माणसं लाजेनं तोंड उघडत नाहीत. लाज आम्हालाही वाटते. पण हाच माणूस पुढच्या मोसमात दुसऱ्या गावात टर्फ भाड्यानं घेऊन बसणार, म्हणून लिहितोय.

पैसे कसे गेले? ट्रायलची नोंदणी ३,५००. ‘हायलाइट व्हिडिओ’चे १४,०००. पोर्तुगालच्या क्लबच्या निमंत्रणपत्राचे ६०,०००. व्हिसा, विमा आणि मेडिकल मिळून १,२२,५००. शेवटी आयटीसीची, म्हणजे देश बदलून खेळायला लागणाऱ्या प्रमाणपत्राची, ‘फी’ ३५,०००. प्रत्येक हप्ता वेगळ्या यूपीआयवर, आणि प्रत्येक वेळी समोर नाव कुणातरी बाईचं. कंपनीचं एकदाही नाही.

म्हणाल, एवढं कळलं नाही? आम्ही अडाणी नाही. पण हे कोल्हापूर आहे. इथं शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की दुकानं अर्धी बंद होतात. इथलाच अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या संघातली बरीच पोरं लगेच महासंघाच्या युवा संघाकडून, इंडियन ॲरोजकडून, आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेत उतरली आणि तिथून आयएसएल या मोठ्या लीगमध्ये गेली. वाट खरी आहे, म्हणून तर खोटं विकलं जातं.

आता ज्यावरून अजून झोप लागत नाही, ते सांगतो. ट्रायल पुण्यात होती, फाइव्ह-ए-साइडच्या, म्हणजे पाच-पाच जणांच्या छोट्या टर्फवर. पोरगा राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू. जिथं गोल ते गोल तीस-चाळीस पावलं, तिथं राइट बॅकचं काय बघणार? ओव्हरलॅप, म्हणजे कडेनं पुढं धाव, नाही, लांबचा क्रॉस नाही, ऑफसाइडची लाइन नाही. खरी ट्रायल पूर्ण मैदानावर अकरा-अकराची होते, पोरांना शर्टावरून घालायचे नंबरचे बिब देतात, निवडक पोरांना दुसऱ्या दिवशी परत बोलावतात. इथल्या ‘स्काऊट’च्या हातात वही नव्हती. कोणता पाय चालतो, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. ९० पोरं गुणिले ३,५०० म्हणजे एका सकाळीत ३,१५,०००. तो हिशेब तिथं उभं राहून करता आला असता. केला नाही.

दुसरी खूण वयाची. पोरगं सोळाचं. फिफाच्या नियमात आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर अठरा पूर्ण झाल्यावरच होते. अपवाद मोजके: आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं त्या देशात राहायला गेले तर, सीमेच्या दोन्ही बाजूंना जवळ राहणाऱ्यांसाठी, असे. आम्ही विचारलं होतं, बरं का! तो म्हणाला, ‘युरोपात सोळाव्या वर्षी चालतं.’ अर्धं खरं बोलला, म्हणूनच गिळलं. ती सवलत युरोपीय संघाच्या आतल्या आत जाणाऱ्यांसाठी आहे. कोल्हापूरहून जाणाऱ्याला तिचा काय उपयोग?

आणि आयटीसी. हे प्रमाणपत्र एका देशाचा महासंघ दुसऱ्या देशाच्या महासंघाला देतो. नव्या क्लबच्या देशाचा महासंघ ते ऑनलाइन मागतो. खेळाडूच्या घरच्यांनी त्यासाठी अर्जही करायचा नसतो, आणि ते फुकट द्यायचं असतं, असं नियमातच लिहिलंय. आपण ३५,००० दिले. फुकट गोष्टीचे!

पोर्तुगालला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, वर व्हिसा सेंटरचे थोडे. विमा काही हजारांत होतो. मग १,२२,५०० कशाचे? शिवाय तो व्हिसा ९० दिवसांचा, त्यावर करार करून खेळता येत नाही. २०२३ साली उत्तर पोर्तुगालमधल्या एका अकादमीवर तिथल्या यंत्रणेनं छापा घातला, तेव्हा अशीच स्वप्नं घेऊन आलेली परदेशी पोरं सापडली, त्यात अल्पवयीनही होती. आपलं पोर गेलंच नाही, हे नशीब म्हणायचं.

एजंट म्हणवणाऱ्याचा फिफा लायसन्स नंबर मागा आणि फिफाच्या साइटवरच्या यादीत स्वतः शोधा, त्यानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नको. अल्पवयीन पोराशी आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय बोलणंही एजंटला चालत नाही. आमचा माणूस आधी पोराच्या इन्स्टावर आला होता.

‘वय दोन वर्षं कमी करून जन्माचा दाखला देतो’ असं कुणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. महासंघ वयासाठी हाडांची टीडब्ल्यू-थ्री चाचणी घेतो, आणि पकडलं गेलं की बंदी पोरावर येते.

आता साहेब लोकांचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नंबर मिळाला, पुढे शांतता. बँक म्हणते एफआयआर आणा. ठाण्यात म्हणतात आधी बँकेचं स्टेटमेंट आणा. ते नेलं, तर ‘तुम्ही स्वतःच पैसे दिलेत, हे दिवाणी आहे.’ दिवाणी? खोटं पत्र दाखवून पैसे काढले, तर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम कशाला आहे? मग निघाली ‘प्राथमिक चौकशी’. कायद्यात तिला चौदा दिवस आहेत. आमचे चौदाचे बेचाळीस झाले. फुटबॉलच्या कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, ‘तो आमच्याकडे नोंदलेला नाही, म्हणून आमचा संबंध नाही.’ अहो, नोंदलेला नाही हीच तर तक्रार आहे! ठाण्यानं नाही घेतलं तर लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. पोचपावती जपून ठेवा. ही गोष्ट आम्हाला तिथल्या एकानंही सांगितली नाही, एका वकिलाकडून कळली.

पैसे देण्यापूर्वी क्लबच्या अधिकृत साइटवरून पत्ता शोधून स्वतः मेल करा. आमच्या पत्रावर क्लबचं बोधचिन्ह होतं आणि खाली जीमेलचा पत्ता. मूळ पासपोर्ट अशा माणसाच्या हातात देऊ नका. आमचा अजून त्याच्याकडे आहे. नवा काढायला पोलिसांचा कागद लागतो, आणि ठाणं म्हणतंय ‘गहाळ’ म्हणून लिहून देतो. गहाळ झालेला नाही, नेलेला आहे. तसं लिहून द्यायला तयार होत नाहीत, म्हणून तो अर्ज अजून टेबलावर पडलाय.