देगलूर नाक्यावरचं चाचांचं पंपाचं दुकान: जुनी डिझेल गाडी ठेवणाऱ्यांसाठी

दुकानाला नाव नाही. पाटीवर ‘फ्युएल पंप, नोझल, टेस्टिंग’ एवढंच रंगवलेलं होतं, त्यातलं ‘टेस्टिंग’ उन्हानं गेलं. नांदेडात देगलूर नाक्याकडं कुणालाही चाचांचं पंपाचं दुकान विचारा, बोट करून दाखवतील, कारण ट्रॅक्टरवाले रोज पोत्यात गुंडाळलेले पंप घेऊन तिथंच उतरतात.

ज्याला घाई आहे त्याच्यासाठी मत आधीच सांगतो. जुन्या डिझेल गाडीचा मेकॅनिकल पंप, म्हणजे दाब देऊन नोझलला डिझेल पुरवणारा, गेला असेल, किंवा गेला का नाही हेच कळत नसेल, तर इथं या. हिटर प्लग, बॅटरी, फिल्टर असल्या कामाला येऊ नका, चाचा ती करतच नाहीत. कॉमन रेलची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनाची गाडी असेल तरी येऊ नका, ते स्वतःच हात जोडतात. आणि मे-जूनमध्ये तर कुठल्याच कामाला येऊ नका.

मी लोह्यात मोटार रिवायंडिंग करतो. बोअरच्या सबमर्सिबल जळाल्या की लोक माझ्याकडं घेऊन येतात. म्हणून दुसऱ्याच्या दुकानात गेलो की माझी नजर आधी हत्यारांवर जाते आणि मग माणसावर. माझी गाडी २००३ ची क्वालिस, एमएच २६, वडलांनी घेतलेली. टोयोटानं २००० साली आणलेली आणि इनोव्हा आली तशी २००५ ला बंद केलेली गाडी. २४४६ सीसीचं, बिनटर्बोचं, ७५ हॉर्सपॉवरचं इंजिन. आजच्या छोट्या गाड्याही घाटात हिला मागं टाकतात. पण आमच्या लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेला पाहुण्यारावळ्यांसकट घर भरून न्यायचं, वर घोंगड्या, डबे, येताना कुणीतरी घेतलेला घोड्याचा साज, हे काम ती वीस वर्षं बिनतक्रार करत आली. विकायचा विषय आमच्या घरात निघत नाही.

तिचा आजार असा होता. सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला उठायची. नांदेडहून तापून निघाली आणि सोनखेडला चहासाठी बंद केली, की पुन्हा उठायचं नाव नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. तासाभरानं गार झाली की गपगुमान सुरू. पारा ४२-४३ वर गेला की हे हमखास. ज्याला दाखवली त्यानं आपल्या हातातलं काम सांगितलं. एकानं सेल्फ भरून दिला. दुसऱ्यानं चारही हिटर प्लग बदलले. हिटर प्लग लागतात थंड इंजिनाला, गरम असताना न उठण्याशी त्यांचा काय संबंध, असं विचारलं तर म्हणाला, “टाकून बगू की.” टाकून बघण्याचे पैसे अर्थात माझे.

चाचांनी बॉनेटही न उघडता विचारलं, “गरम में नै उठती ना? पंप पे पानी डाल के देखे?”

मी पाहिलं नव्हतं. त्यांनी पोराला ओलं फडकं आणायला लावलं, गाडी बंद ठेवून ते पंपाला गुंडाळलं आणि पाच मिनिटं थांबायला सांगितलं. मग सेल्फ मारला आणि गाडी उठली. मी तिथंच पाकीट काढलं असतं, पण ते म्हणाले, हे अजून नक्की नाही, पंप बेंचवर लागू द्या. मला माणूस आवडला तो इथं. माझ्याकडं पण लोक मोटार उतरवायच्या आधीच “वाइंडिंग जळलं” म्हणतात, आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, लावला की निघतं भलतंच: केबलचा जॉइंट, नाहीतर बेअरिंग. मोजल्याशिवाय उघडायचं नाही हा नियम फार कमी लोक पाळतात, कारण मोजण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, उघडण्याचे देतं.

पाण्याची भानगड काय ती सांगतो, कारण उन्हाळ्यात आपल्याकडं निम्म्या जुन्या गाड्या याच दुखण्यानं अडतात आणि लोक सेल्फ बदलत बसतात. या गाडीत रोटरी पंप आहे, बॉशच्या व्हीई पद्धतीचा. ट्रकच्या जुन्या लाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळा एलिमेंट असतो. व्हीईत सगळ्या सिलिंडरांना मिळून एकच प्लंजर. तो फिरतोही आणि पुढंमागंही होतो, दाबतोही तोच आणि वाटतोही तोच. तो ज्या हेडमध्ये बसतो त्यात आणि त्याच्यात फट असते मायक्रॉनमध्ये मोजायची. ती झिजली की दाबलेलं डिझेल नोझलकडं जायच्या ऐवजी फटीतून मागं निसटतं. डिझेल गार असताना जरा घट्ट असतं, तेव्हा कसंबसं भागतं. तापलं की पातळ होतं. इंजिन पळत असताना वेग इतका असतो की निसटायला सवडच मिळत नाही, पण सेल्फच्या संथ फिरण्यात दाब तयारच होत नाही आणि नोझल उघडत नाही. पंप गार केला की डिझेल पुन्हा घट्ट. एवढंच. फडकं ओलं करून गुंडाळा, पण तापल्या पंपावर बादली ओतू नका. चालू गाडीवर तर नाहीच, आतला प्लंजर जागेवर आवळून बसला तर पंपच गेला.

आता दुकान. आत टेस्ट बेंच आहे, जुना, हिरव्या रंगाचा, पण स्वच्छ. त्याची थ्री-फेज मोटार ऐकूनच मला कळलं की बेअरिंगला वेळेवर ग्रीस मिळतंय. पंप त्याला जोडतात, चार पाइप चार काचेच्या मापनळ्यांत सोडतात आणि वेगवेगळ्या वेगाला किती डिझेल पडतंय ते बघतात. डिझेल म्हणजे टेस्टिंगचं वेगळं ऑइल असतं. चाचा मला शेजारी उभं करून म्हणाले, खुद देखो. पळत्या गाडीच्या वेगाला चारही नळ्या सारख्या भरल्या. सेल्फच्या वेगाला, ऑइल तापवल्यावर, तळ कसाबसा झाकला. आकडे खडूनं पत्र्याच्या दारावर लिहिले. काम झाल्यावर त्याच दारावर, त्याच रांगेत पुढं नवीन आकडे लिहिले. मला इतकं नीट ‘आधी आणि नंतर’ कुठल्याच गॅरेजनं दाखवलेलं नाही, चकचकीत एसी वेटिंग रूमवाल्यांनीही नाही.

उघडल्यावर आत तपकिरी डाग निघाले. पाणी. कॅनमधलं डिझेल आम्ही शेतातल्या कामाला आणतो तेच कधीकधी गाडीत जातं, आणि घरातल्या कुणी फिल्टरखालचा पाण्याचा नट वर्षानुवर्षं सोडलेला नव्हता. प्लंजरवर बारीक उभ्या रेघा दिसत होत्या. हेड-रोटर, म्हणजे हेड आणि त्यातला प्लंजर, जोडीनंच बदलावा लागतो, कारण ती जोडी कारखान्यातच एकमेकांना घासून बसवलेली असते. एक नवा आणि एक जुना चालत नाही. चाचांनी दोन डबे समोर ठेवले. एक ओरिजिनल, एक चायना, किंमत निम्म्याहून कमी. चायनाचं काय होईल विचारलं तर म्हणाले, चलेगा, कितने दिन वो मेरे को मत पूछो. मी ओरिजिनल घेतला.

सील मात्र त्यांनी विचारलंच नाही, सरळ व्हायटॉनचे, म्हणजे डिझेल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराचे टाकले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल सगळीकडं आलं. त्यात गंधक दहा लाखाला दहा भाग, त्याआधीच्या बीएस-४ मध्ये पन्नास होतं आणि त्याच्याही आधी साडेतीनशे. डिझेल बदललं की कितीतरी जुन्या पंपांचे रबरी सील आकसतात आणि पंप बाहेरून पाझरायला लागतो. आमच्या रविवारच्या चहाच्या टोळीत यावर कायम भांडण असतं. अर्धापूरचे अण्णा, ज्यांच्याकडं इसुझू इंजिनची ॲम्बेसेडर आहे, टाकीत दर वेळी थोडं टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल, ओततात. पंपाला वंगण पाहिजे, नव्या डिझेलात ते राहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. प्यूजो इंजिनची एस्टीम बाळगणारे आमचे डॉक्टर म्हणतात, वंगणाची भर रिफायनरीतच घालतात, तुम्ही फक्त धूर वाढवताय. मी हा खटला चाचांपुढं नेला. त्यांनी डॉक्टरांच्या बाजूनं निकाल दिला, आणि वर म्हणाले, पंप मारतं ते घासलेट मिसळलेलं आणि हायवेला स्वस्तात मिळणारं ‘बायोडिझेल’. अण्णा अजूनही टू-टी ओततात. त्यांची गाडी छान चालते, ही गोष्ट आम्ही त्यांच्यासमोर मान्य करत नाही.

नोझल तपासायचं यंत्र हातानं दाबायच्या दांड्याचं आहे. दाब किती आला की नोझल उघडते ते घड्याळावर दिसतं. असल्या जुन्या इंजिनात तो साधारण शंभर ते दीडशे बारच्या मध्ये असतो, आताच्या कॉमन रेलमध्ये तर डिझेल फवारण्याचा दाब दीड हजाराच्या वर जातो. चांगली नोझल उघडताना कुरकुरते आणि धुकं सोडते. माझ्या चारपैकी एक थेंब गाळत होती. ती एकच बदलली. बाकीच्या तिघींना आत वॉशर घालून दाब जुळवला. चारही बदला म्हणाले असते तरी मी मान डोलावली असती.

एक गोष्ट ते करत नाहीत आणि त्यावरून काही पोरं नाराज होऊन जातात. पिकपचा स्क्रू, म्हणजे पंपातून जास्त डिझेल सोडणारा, वाढवून देत नाहीत. मुदखेडचा एक पोरगा आर्माडा घेऊन आला होता, त्याला चढावर गाडी उडवायची होती. चाचांनी त्याला दाराबाहेर काळा धूर सोडणारा एक ट्रॅक्टर दाखवला आणि पुन्हा कामाला लागले. पोरगा दुसऱ्या दुकानात गेला. तिथं त्याचं काम झालं असेल. पीयूसी झाली का ते माहीत नाही.

आता जे खटकलं ते. पंप काढणं आणि बसवणं त्यांच्याकडं नाही. फिटर तुमचा. क्वालिसचा पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणजे खुणा न जुळवता उतरवला तर घोटाळा. फिटर जाणता पाहिजे, आणि बेल्टचे लाखभर किलोमीटर होत आले असतील तर याच हातानं तोही बदलून घ्या, दोनदा मजुरी देऊ नका. बसवल्यावर टायमिंग डायल गेज लावून, प्लंजर किती उचलतो ते मोजून जुळवायचं असतं. चाचांचा पुतण्या गेज घेऊन येतो, पण त्याला आणायला आणि सोडायला तुम्ही जायचं. इंजिनाच्या आवाजावर टायमिंग जुळवतो म्हणणाऱ्या फिटरपासून लांब राहा.

वेळेचा शब्द तर कुणी धरूच नये. “परसों” म्हणजे परवा नाही. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला की गाडीवाल्याचा पंप बाजूला सरकतो, आणि त्यावर भांडायला माझी जीभ उचलत नाही. पेरणी थांबत नाही, माझं सोनखेड थांबू शकतं. सोयाबीनच्या मळणीला तीच गर्दी. नागपंचमी ते पोळा हा काळ धरा, तेव्हा चाचा निवांत असतात आणि समजावूनही सांगतात. शुक्रवारी दुपारी शटर खाली असतं. फोन उचलत नाहीत, हात तेलाचे असतात. बसायला एक बाकडं, त्यावर पंप ठेवलेले. बायकापोरांना घेऊन थांबण्याची जागा नाही.

खर्च: हेड-रोटर, सील किट, नोझल, मजुरी, कॅलिब्रेशन धरून सोळा हजारांच्या आत. फिटर आणि बेल्ट वेगळा. वीस वर्षांच्या गाडीत एवढे घालायचे का, असं मेव्हण्यानं विचारलं. त्याच्या नव्या गाडीचा महिन्याचा हप्ता यापेक्षा जास्त आहे, हे मी त्याला सांगितलं नाही, बहिणीनं सांगितलं. मात्र हिशोब मांडताना पासिंगही धरा. २०२३ ला नोंदणी वाढवली तेव्हा फी पाच हजार होती. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला तीच दहा हजार झाली. २०२८ ला मला ती भरायची आहे आणि मी भरणार आहे.

काम गेल्या श्रावणात झालं. त्यानंतरचा आख्खा मे मी मुद्दाम भर दुपारी गाडी बंद करून पुन्हा चालू केली, सोनखेडलाही. अर्ध्या सेल्फला उठते. आयडलिंग आधी थोडं हलायचं, ते बसलं. ॲव्हरेज वाढलं म्हणून छाती ठोकून सांगणार नाही, जरासं वाढलं असेल. जुने पार्ट त्यांनी मी न मागता पिशवीत घालून दिले.

बिल मात्र पंचांगाच्या फाटक्या पानामागं लिहून मिळतं. फर्मच्या नावावर गाडी असेल आणि जीएसटीचं बिल लागत असेल तर पार्ट स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर आणून द्या. चाचा कुठला पार्ट नंबर घ्यायचा ते कागदावर लिहून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.