‘जर्मन’ पीप साईटच्या नावाखाली झालेली फसवणूक

दहा मीटर एअर रायफल शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना वापरलेली ‘जर्मन’ पीप साईट, म्हणजे नेम धरण्यासाठी रायफलीवर डोळ्याजवळ बसवायचे बारीक छिद्राचे उपकरण, विकण्याचा एक उद्योग सध्या चालू आहे. त्यात माझे साडेएकवीस हजार रुपये गेले, शिवाय ‘सर्व्हिसिंग’च्या नावाखाली आणखी साडेतीन हजार गेले. सोलापुरातील ज्या पालकांची मुले आता जिल्हा आणि राज्य स्पर्धांची तयारी करीत आहेत, त्यांच्यापर्यंत विक्रेत्याची पद्धत तपशिलासह पोहोचावी, म्हणून हे लिहीत आहे.

2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे याने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून माझ्या ओळखीच्या अनेक घरांत रायफलीचा विषय निघू लागला. नवी परदेशी मॅच रायफल काही लाखांत जाते, त्यामुळे सामान्य नोकरदार पालक जुन्या रायफलीकडे वळतो आणि तिच्यावरची साईट झिजलेली असली की जुनीच साईट शोधतो. माझेही तसेच झाले. विक्रेत्याला हे गणित पुरते ठाऊक आहे आणि त्याचा सगळा व्यवहार त्यावरच उभा आहे.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या प्रकारात दुर्बीण लावता येत नाही. डोळ्याजवळ मागच्या साईटचे बारीक छिद्र असते, नळीच्या टोकाशी पुढच्या साईटची गोल रिंग असते, आणि त्या रिंगच्या बरोबर मधोमध टार्गेटचा काळा गोल दिसला पाहिजे. मागच्या साईटवर दोन नॉब असतात. एकाने छिद्र वरखाली सरकते आणि दुसऱ्याने डावी-उजवीकडे. दोन साईटमधले अंतर साधारण सत्तर सेंटिमीटर आणि टार्गेट दहा मीटरवर, म्हणजे मागचे छिद्र एक दशांश मिलिमीटर जरी आपोआप हलले तरी टार्गेटवर छर्रा सुमारे 1.4 मिलिमीटर बाजूला जातो. या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचे प्रत्येक कडे अडीच मिलिमीटर रुंद असते. तेव्हा हाताला कळणारही नाही एवढी ढिलाई अर्ध्या गुणाहून अधिक फरक पाडते, आणि जिथे दशांश गुणांवर निकाल लागतो तिथे अर्धा गुण ही लहान गोष्ट नव्हे.

विक्रेता एका मेसेज ग्रुपमधून भेटला. आपण खेळ सोडलेले राष्ट्रीय पातळीवरचे नेमबाज आहोत, घरी साहित्य पडून आहे, ते एखाद्या होतकरू मुलाच्या हाती जावे अशी इच्छा आहे, असे त्याने लिहिले होते. बोलणे अत्यंत नम्र होते आणि माझ्या मुलीची चौकशी तो ‘ताई कशी आहे’ अशी करीत असे. साईट दाखवायला तो स्वतः सोलापुरात आला. मी क्लबच्या रेंजवर भेटू म्हटले होते, परंतु पुढची गाडी गाठायची आहे असे कारण देऊन त्याने पार्क चौकाजवळच्या एका हॉटेलात बोलावले. ही जागेची निवड हाच फसवणुकीचा गाभा आहे, कारण रायफलीवर चढवल्याशिवाय साईटची खरी परीक्षा होत नाही आणि हॉटेलच्या टेबलावर रायफल कोणी आणीत नाही.

तिथे त्याने दाखवण्यासारखे सर्व काही दाखवले. आत फोमच्या खाचा असलेला डबा होता, धातूवर कोरलेले प्रसिद्ध कंपनीचे नाव आणि अनुक्रमांक होता, आणि दहाच्या आत सगळे छर्रे लागलेला एक कागदही होता, जो कोणत्याही रायफलीवर कोणत्याही साईटने काढलेला असू शकतो. नॉब फिरवून त्याने ‘टक टक’ असा स्वच्छ आवाज माझ्या कानाजवळ ऐकवला आणि जर्मन यंत्राची ओळख हीच, असे सांगितले. पावतीवर मात्र ‘जुने क्रीडासाहित्य, एक नग’ एवढेच लिहिले, अनुक्रमांक लिहिला नाही. सोबत माझ्या चष्म्याच्या नंबराचा विचार करून, सरावाला मलाही उपयोगी पडेल म्हणून, साईटला लावायची अर्ध्या नंबराची एक लेन्स अडीच हजारांत दिली. साडेएकवीस हजारांत ती धरलेली आहे.

पहिल्या आठवड्यातच मुलीच्या प्रशिक्षकांच्या लक्षात आले की तिचे छर्रे आडवे पसरत आहेत. नॉब दोन टक डावीकडे फिरवावा तर काहीच बदल होत नसे, तिसऱ्या टकला छर्रा एकदम पलीकडे जाई. विक्रेत्याला फोन केल्यावर त्याने आधी छर्ऱ्यांचा डबा बदलायला सांगितले, मग नळी साफ करायला सांगितले, आणि शेवटी मुलीचा श्वास चुकत असावा असे सुचवले. तेरा वर्षांची मुलगी असे ऐकल्यावर स्वतःवरच शंका घेऊ लागते, आणि पैशांपेक्षा याचा राग मला अधिक आहे. त्यानंतर त्याने ‘फॅक्टरी सर्व्हिसिंग’ सुचवले, साडेतीन हजार आगाऊ घेतले आणि कुरिअरने साईट मागवली. परत आली तेव्हा नॉब खरोखर घट्ट आणि मुलायम फिरत होते. एप्रिल लागला, पारा चाळिशीच्या वर गेला, तसा जुना दोष पुन्हा उघडा पडला.

यामागचे कारण अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका लेथवाल्या काकांनी उघड केले. यंत्रमागाचे सुटे भाग बनवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी साईट व्हाइसमध्ये हलकेच धरली, सरकणाऱ्या भागाला बारीक हालचाल मोजणारे डायल गेज लावले आणि नॉब उलट दिशेला फिरवला. जवळजवळ पाव फेरा होईपर्यंत गेजचा काटा जागचा हलला नाही, टक टक मात्र चालूच होती. उघडल्यावर दिसले की टक करणारी छर्ऱ्याएवढी पोलादी गोळी आणि तिच्या खाचा एका वेगळ्या कड्यावर होत्या, ज्याचा स्क्रूच्या आट्यांशी चांगला संबंधच नव्हता. स्क्रू पितळेचा आणि इथेच कुठेतरी पाडलेल्या आट्यांचा होता. ज्या स्प्रिंगने सरकता भाग सतत एका बाजूला दाबून आट्यांमधली ढिलाई काढायची, तिच्या जागी बॉलपेनमधली स्प्रिंग होती. ‘सर्व्हिसिंग’ म्हणजे आत ठासलेले जाड ग्रीस होते. थंडीत ते ढिलाई झाकते, उन्हाळ्यात पातळ होते. बाहेरचा सांगाडा जुन्या खऱ्या साईटचा असावा, असे काकांचे मत पडले, कारण कोरलेल्या नावाच्या खाली कानशीचे ओरखडे होते. त्यांनी मजुरी घेतली नाही, चहाही आपलाच पाजला.

लेन्सची परीक्षा तर घरच्या घरी झाली. नंबर असलेली लेन्स हात लांब करून धरली आणि तिच्यातून दूरची खिडकीची चौकट पाहत ती हळूहळू बाजूला सरकवली, की चौकटीची रेघ किंचित सरकताना दिसते. आमची रेघ ढिम्म हलली नाही. ती साधी काच होती.

आता खरेदीपूर्वी काय पाहावे, ते सांगतो. साईट आपल्याच रायफलीच्या 11 मिलिमीटर रेलवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रायफल स्टँडवर पक्की बसवून पाच छर्रे मारावेत, मग नॉब वीस टक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे आणि वीस खाली फिरवून पुन्हा पाच मारावेत. दुसरा गट पहिल्यावरच बसला पाहिजे. तो बाजूला पडला, तर विक्रेता कोणतेही कारण सांगो, साईट परत करावी. छिद्राची आयरिस, म्हणजे छिद्र लहान-मोठे करणारी पात्यांची झडप, उजेडाकडे धरून लहान-मोठी करावी आणि ते प्रत्येक आकाराला गोलच राहते का ते बघावे. अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्यावा आणि विक्रेत्याच्या देखत डब्यासह फोटो काढावा.

खरी साईट हाती आली तरी तिला तेल पाजण्याची हौस आवरावी. आयरिसच्या पात्यांवर तेल गेले की ती चिकटतात आणि आपल्याकडची धूळ त्यावर बसून पेस्ट होते. मऊ ब्रश आणि हवेचा फुगा पुरतो, काच असल्यास आधी धूळ उडवून मगच मायक्रोफायबरने पुसावी, शर्टाच्या टोकाने नव्हे. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत साईट ठेवणे टाळावे आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. ‘दर सहा महिन्यांनी गॅस भरावा लागतो’ असे एका पालकाला याच माणसाने सांगितल्याचे मला नंतर कळले. नायट्रोजन दुर्बिणीच्या बंद नळीत भरतात. पीप साईटमध्ये तो भरायला जागाच नसते.

तक्रारीबाबत एक अडचण आधीच सांगतो. ‘मी दुकानदार नाही, स्वतःची वस्तू विकली’ असा बचाव विक्रेता करतो आणि ग्राहक कायदा व्यापारी विक्रेत्यालाच लागू होतो. म्हणून त्याने इतरांनाही अशाच साईट विकल्याचे पुरावे गोळा करणे आवश्यक ठरते. मला तसे आणखी खरेदीदार सापडले आणि त्यांच्या पावत्यांवरचे अक्षरही तेच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो, त्यासाठी विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. माझी तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगात दाखल आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आहे.

तक्रारीची नोटीस गेल्यावर त्या माणसाचा नंबर बंद झाला, परंतु तोच डबा दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला आलेला मी पाहिला आहे. फोटोत फोमच्या डाव्या कोपऱ्याला चौकोनी तुकडा कापलेला आहे आणि मागे निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची सोलापुरी चादर अंथरलेली आहे. हा फोटो कोणाला आला, तर पैसे न देता त्याचा स्क्रीनशॉट आणि पाठवणाऱ्याचा नंबर जपून ठेवावा. आयोगापुढच्या सुनावणीत त्याचा उपयोग होणार आहे.