प्रार्थनास्थळ की नोंदणी कार्यालय: देव न मानणाऱ्या जोडप्यासाठी

देव न मानणाऱ्या जोडप्याने लग्न कुठे करावे, हा प्रश्न निघाला की घरची मंडळी बहुधा प्रार्थनास्थळाच्या बाजूने बोलतात, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नसते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या लग्ने लागली, तिथे पाऊल ठेवताच बोलणे आपोआप हळू होते. ते गांभीर्य नोंदणी कार्यालयातल्या टेबलखुर्च्यांना नाही, हे मी मान्य करतो. आम्हीसुद्धा आरंभी तिकडेच झुकलो होतो, कारण वास्तू सुंदर होती आणि दोन्हीकडच्या आईवडिलांना समाधान वाटणार होते.

मत बदलले ते तालमीच्या दिवशी. धर्मगुरूंनी शपथेचा कागद हातात दिला. ‘ईश्वराच्या साक्षीने’ या शब्दांपाशी आलो की माझा आवाज बारीक होई. ‘जरा मोठ्याने’ असे त्यांनी दोनदा मायेने सांगितले, आणि तिसऱ्या खेपेला हिने कागदावरची नजर उचलून माझ्याकडे पाहिले. तेवढे शब्द गाळता येतील का, असे विचारल्यावर ते म्हणाले की हा पाठ आपण लिहिलेला नाही, तेव्हा बदलण्याचा अधिकारही आपला नाही. त्यांचे बरोबरच होते. पण ज्या वाक्याने लग्न लागते तेच मी खोटे बोलणार होतो, आणि तेही हिला उद्देशून.

इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये त्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, रहिवाशांना लग्नासाठी श्रद्धेची अट नाही; शपथेतला ईश्वर मात्र टळत नाही. उलट फ्रान्सने १७९२ मध्येच विवाहाची नोंद धर्मसंस्थेकडून नागरी अधिकाऱ्यांकडे सोपवली, आणि इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने निबंधकासमोर लग्न करण्याची सोय झाली. नोंदणी विवाह कोरडा वाटतो, ही तक्रार खरी आहे. आमचा विधी पंधरा-वीस मिनिटांत आटोपला आणि पुढचे जोडपे दाराशी उभे होते. स्कॉटलंडमध्ये २००५ पासून मानवतावादी, म्हणजे देवाला न आणता केलेल्या, विधीने लागलेले लग्नही कायदेशीर ठरते. अशी सोय असेल तिथे हा कोरडेपणा बराच भरून निघावा.

दोघांपैकी एकाची श्रद्धा असेल, तर माझा कौल कदाचित वेगळा पडेल. दोघेही मानत नसाल, तर मी नोंदणीच सुचवेन. तरीही प्रार्थनास्थळाकडे ओढा असेल, तर तारीख ठरवण्याआधी शपथेचा पाठ मागून घ्यावा आणि घरी एकमेकांसमोर मोठ्याने म्हणून पाहावा.