इंदूरला टोमॅटो कधी लावावा: जुलै, सप्टेंबर की जानेवारी?

इंदूरला टोमॅटोची रोपं वर्षातून तीनदा लावली जातात: जुलैत पाऊस स्थिरावल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरताना आणि जानेवारी संपताना थंडी मोडू लागली की. तिन्ही वेळा झाड वाढतं, हिरवंगार दिसतं. फरक पडतो तो फुलाचं फळ होताना, आणि तिथे दिवसाच्या उन्हाइतकीच, किंबहुना जास्तच, रात्र महत्त्वाची.

रात्री १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान टोमॅटोला मानवतं. रात्र १३ च्या खाली उतरली किंवा २२-२३ च्या वर राहिली, की परागकण कमजोर पडतात आणि फुलं देठापासून गळतात. दिवसा ३५ च्या वर गेलं तरी तेच. म्हणून लागवडीची तारीख ठरवण्याआधी फूल कधी येईल ते मोजा. रोप लावल्यापासून साधारण महिन्याने फूल येतं आणि फुलापासून लाल फळ व्हायला आणखी दीड महिना लागतो, थंडीत त्याहून जास्त.

या हिशेबात सप्टेंबरअखेरची लागवड सर्वांत उजवी ठरते. फुलोरा ऑक्टोबरच्या शेवटी येतो, तेव्हा माळव्यातली रात्र १७-१८ अंशांवर आलेली असते आणि नोव्हेंबरभर १४-१५ च्या आसपास राहते. आकाश स्वच्छ, हवा कोरडी, पाणी आपल्या हातात. पहिला तोडा डिसेंबरच्या मध्यावर मिळतो. बी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात टाकावं आणि रोपांवर बारीक जाळी हवीच. पांढरी माशी कोवळ्या वयातच चुरडा-मुरडा (पानं आकसवणारा विषाणूरोग) देऊन गेली, तर ते झाड पुढे सावरतच नाही.

या हंगामाला दोन धोके आहेत. पहिला, दंव गोठवणारी थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्र १० अंशांच्या आसपास असते, पण उत्तरेचं वारं थांबून आकाश निरभ्र राहिलं की ती बरीच खाली जाते. अशा संध्याकाळी हलकं पाणी द्यावं, कारण ओली जमीन उष्णता धरून ठेवते. दुसरा धोका करपा, म्हणजे पानं काळी पडून वाळवणारा रोग. इंदूरच्या आसपास याच दिवसांत बटाटा उभा असतो, आणि उशिराचा करपा बटाट्याला लागला की टोमॅटोलाही लागतो. ढगाळ, दमट, गार दिवस आले की पानाची खालची बाजू रोज तपासा. बटाटा, वांगं किंवा मिरची काढलेल्या जागी तर टोमॅटो लावूच नये.

जुलैची लागवड मोह घालते ती भावामुळे. जुलै २०२३ मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता, ते आपण सगळ्यांनी सोसलंय. पण तो भाव पाहून जुलैत रोप लावलं, तर माल हातात येतो सप्टेंबरच्या शेवटी. हिवाळी माल मंडीत यायच्या आधीचे हे दिवस भावाला बरे असतात, पण पीक तिथवर पोचायला हवं. ऑगस्टच्या रात्री २२ अंशांच्या असतात, ऊन कमी, हवा इतकी दमट की परागकण चिकटून बसतात. त्यात आपली काळी माती पाणी धरते, आणि टोमॅटोचं मूळ दोन दिवससुद्धा पाण्यात बसून राहू शकत नाही. उंच वरंबे, बांबू-तारेचा आधार आणि अर्का रक्षकसारखी रोगाला टिकणारी जात असेल, तरच हा हंगाम धरा. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेत तयार झालेली ही संकरित जात चुरडा-मुरडा, मर (उभं झाड अचानक कोमेजण्याचा रोग) आणि लवकरचा करपा तिन्हींना तोंड देते. घरच्या वाफ्यापुरती लागवड असेल तर जुलै सोडूनच द्या.

जानेवारीअखेरचं पीक या दोन्हींच्या मधलं आहे. शब-ए-माळवा म्हणून ज्या रात्रींचं कौतुक होतं, त्या इथे उपयोगी पडतात: मार्चचा दिवस ३४ अंशांवर गेला तरी रात्र १६-१७ वर उतरते आणि फळ धरतं. एप्रिलअखेरपर्यंत तोडे चालतात. मग मात्र ऊन ३८-४० वर जातं, फुलं झडतात, आणि उरलेलं फळही नीट लाल होत नाही. तापमान तीसच्या बरंच वर गेलं की लाल रंगद्रव्य बनत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं. पाण्यात खंड पडला तर फळाचं टोक काळं पडतं. आठवड्यातून एकदा भरपूर देण्यापेक्षा थोडं-थोडं रोज द्या, आणि बुंध्याशी गव्हाचा भुसा पसरा.

गच्चीवर कुंड्यांत लावणाऱ्यांनी सप्टेंबरच निवडावा. कुंडी मातीपेक्षा लवकर तापते, म्हणून जानेवारीच्या लागवडीला गच्चीवर मार्चअखेरपासूनच चटका बसतो. लागवड उशिरा, ऑक्टोबरच्या मध्यावर झाली, तर फुलोरा थंडीत सापडेल. त्यासाठी पुसा शीतल ही जात बघा. रात्र ८ अंशांपर्यंत उतरली तरी ती फळ धरते. आडोशाच्या गच्चीत वारा लागत नाही, तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास फुलांचे घोस बोटाने हलकेच हलवावेत.