सॅल्मनसाठी बनलेली रिग आणि मनोरीचा रावस : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चैत्री पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईतल्या मनोरीच्या खाडीच्या तोंडाशी माझा या हंगामातला सर्वांत मोठा रावस सुटला. दोरी तुटली नव्हती आणि गाठही सुटली नव्हती. रील गुंडाळून पाहिले तेव्हा टोकाला स्विव्हलचा, म्हणजे दोरीला पीळ पडू नये म्हणून लावलेल्या फिरत्या जोडाचा, अर्धा भाग लोंबत होता. उरलेला अर्धा भाग, लीडर (गळ बांधलेली टोकाची दोरी) आणि दोन्ही गळ माशाबरोबर गेले होते. गळाला उलटा काटा नसल्यामुळे त्याने तो थोड्याच वेळात झटकून टाकला असेल, एवढेच समाधान.

गणपती झाल्यावर, सप्टेंबरमध्ये, मी ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘सॅल्मन रिग’ (गळ, लीडर, शिसे आणि स्विव्हल यांची तयार जुळणी) नावाचा सहा नगांचा संच 780 रुपयांना घेतला होता. आपल्या रावसाला बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, आणि माझ्या निवडीमागे या नावाचाच मोठा वाटा होता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. प्रत्यक्षात या दोन माशांचे काहीही नाते नाही. सॅल्मन हा साल्मोनिडी कुळातला, थंड पाण्यातला मासा आहे. रावस हा पॉलिनेमिडी कुळातला असून त्याचे शास्त्रीय नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम, म्हणजे ‘चार बोटांचा’, असे आहे. छातीच्या पराखाली दोन्ही बाजूंना असलेल्या चार-चार मोकळ्या तंतूंमुळे त्याला हे नाव मिळाले आहे. हे तंतू स्पर्शाने भक्ष्य शोधण्याच्या कामी येतात, आणि आमिष निवडताना ही गोष्ट किती महत्त्वाची आहे हे मला फार उशिरा कळले.

संचातली रिग कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया आणि अमेरिकेतील वॉशिंग्टन या भागांत चालणाऱ्या ‘मूचिंग’ पद्धतीची आहे. तिच्यात एकाच लीडरवर एकामागे एक असे दोन गळ असतात, त्यांतला वरचा गळ सरकवता येतो, आणि वर केळ्याच्या आकाराचे शिसे व मण्यांच्या साखळीसारखी स्विव्हल असते. तिकडे हेरिंग माशाचे डोके तिरके कापून तो या दोन गळांवर असा ओवतात की पाण्यात ओढला असता तो गरगर फिरावा. वाहत्या बोटीतून तो खाली सोडायचा आणि हळूहळू वर-खाली करायचा. हे फिरणे जखमी माशासारखे दिसते आणि त्याच्यावर सॅल्मन झडप घालतो. सतत फिरणाऱ्या आमिषामुळे दोरीला पीळ पडू नये, हे काम पूर्णपणे स्विव्हलवर सोपवलेले असते, आणि माझी तक्रार नेमकी याच ठिकाणी आहे.

तिसऱ्याच फेरीनंतर स्विव्हलचे मणी जड फिरू लागले. घरी आल्यावर मी प्रत्येक वेळी सर्व साहित्य गोड्या पाण्यात भिजवून, पुसून, वाळवून ठेवतो, त्यामुळे निष्काळजीपणाचा प्रश्न येत नाही. पाचव्या फेरीत पीळ थेट ब्रेडेड (विणलेल्या) मुख्य दोरीत चढला, रॉडच्या टोकाशी दोरीचे वेटोळे बसले आणि भरतीचा सर्वांत चांगला अर्धा तास गुंता सोडवण्यात गेला. शेवटी मी एक मणी कानशीने घासून पाहिला. वरचा चकचकीत मुलामा निघाल्यावर आत पितळ दिसले आणि मण्याच्या आतली खिळी तांबेरलेली होती, म्हणजे ती लोखंडाची किंवा साध्या पोलादाची असली पाहिजे. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला एक झपाट्याने खंगतो, ही गोष्ट होडीला खिळे ठोकणारा कोणताही कारागीर सांगू शकेल. समुद्रातल्या मासेमारीसाठी म्हणून विकलेल्या वस्तूत ही चूक अक्षम्य आहे.

विक्रेत्याशी माझा पत्रव्यवहार पाच आठवडे चालला. त्यांनी आधी छायाचित्रे मागितली, नंतर चित्रफीत मागितली, आणि शेवटी वापरलेल्या मालाची बदली होत नाही असे सांगून पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलत देऊ केली. मी ती घेतली नाही. ज्या वस्तूचा दोष वापरल्याशिवाय दिसूच शकत नाही, तिची तक्रार वापरण्याआधी कशी करायची, या माझ्या साध्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही.

उलटा काटा नसलेल्या गळांबद्दल मात्र मला माझे मत बदलावे लागले. संच हातात आला तेव्हा गळाच्या टोकामागे काटाच नाही हे पाहून मला तो सदोष माल वाटला होता आणि पहिल्या तक्रारीत मी तसे लिहिलेही होते. ब्रिटिश कोलंबियात समुद्रातल्या सॅल्मनसाठी बिनकाट्याचा गळ वापरणे नियमाने बंधनकारक आहे, त्यामुळे तिकडच्या पद्धतीच्या संचात तसेच गळ असणे स्वाभाविक आहे, हे मला नंतर समजले. सुरुवातीला माझे दोन मासे सुटले, कारण मला क्षणभर दोरी सैल सोडण्याची सवय होती. ती सवय गेल्यावर सुटण्याचे प्रमाण नेहमीइतकेच झाले. आपल्या खाड्यांत रावसाच्या आधी आमिषाला लागतो तो शिंगाळा, आणि त्याच्या विषारी काट्यांपासून बोटे वाचवत गळ काढणे हे धोक्याचे काम असते. बिनकाट्याचा गळ पकडीने एका झटक्यात निघतो. वीतभर लांबीची रावसाची पिल्ले न दुखावता परत सोडता येतात, हा त्याहून मोठा लाभ आहे. रावस आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. पिल्लू मारले तर पुढची अंडी घालणारी मादीच आपण मारतो. आता मी माझ्या जुन्या गळांचे काटेही पकडीने दाबून सपाट केले आहेत.

शिसे मात्र आपल्या किनाऱ्याच्या कामाचे नाही. ते बोटीतून सरळ खाली सोडण्यासाठी बनवलेले आहे. खडकावरून फेकले की ते हवेत डोलते, आणि कालवांनी भरलेल्या कपारीत त्याचे दोन्ही टोकदार भाग अडकतात. त्यातच उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते, आणि तेवढे पाणी खाडीच्या अरुंद तोंडातून आत-बाहेर होताना 60 ग्रॅमचे शिसे एका जागी राहत नाही. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या संथ पाण्यात, ते ठीक चालले. मी शेवटी ते काढून मुख्य दोरीवर सरकते शिसे घातले आणि ते मुद्दाम बारीक, कमी ताकदीच्या दोरीने जोडले, म्हणजे अडकलेच तर केवळ शिसे तुटून जाते आणि बाकीची रिग वाचते. शिसे सरकते असल्यामुळे रावसाने आमिष उचलले तरी त्याला वजन जाणवत नाही.

आमिषाच्या बाबतीत मी जवळजवळ दोन महिने चुकीच्या मार्गाने गेलो. हेरिंगच्या सर्वांत जवळची आपली मासळी म्हणजे तारली, म्हणून मी तारली तिरकी कापून, काळजीपूर्वक ओवून, हळूहळू ओढत राहिलो. ती सुंदर फिरली, पण मासा लागला नाही. मनोरीला नेहमी भेटणाऱ्या एका वयस्कर कोळी काकांनी माझी खटपट बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “पाणी गढूळ हाय, त्याला दिसतंय कुठं? त्याला वास लागला पाहिजे.” एवढ्या एका वाक्यात सगळे आले. चमक आणि फिरणे हे स्वच्छ पाण्यातल्या, डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशासाठी आहे. आपला रावस वास आणि ते आठ तंतू यांच्या भरवशावर गढूळ पाण्यात चरतो. त्याच कारणाने महागडा फ्लोरोकार्बन लीडर ‘पाण्यात दिसत नाही’ म्हणून घेणे हा मुंबईत पैशाचा अपव्यय आहे. खडकाला घासून तो लवकर झिजत नाही, हे खरे; पण 40 पौंडांची साधी नायलॉन दोरी दर दोन फेऱ्यांनी बदलली तरी स्वस्त पडते.

तेव्हापासून मी वरच्या गळावर सालासकट अख्खी कोळंबी आणि खालच्या गळावर मांदेली लावतो, आणि आमिष ओढत बसत नाही. दोन गळांची रचना इथे अनपेक्षितपणे उपयोगी पडली, कारण खेकड्यांनी एक आमिष खाल्ले तरी दुसरे शिल्लक राहते. या संचाच्या निमित्ताने मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र संचात नव्हती. सॅल्मन गरवणारे हेरिंग घट्ट व्हावा म्हणून तो खडेमिठात मुरवतात, असे वाचून मी मांदेलीवर तोच प्रयोग केला. ताजी मांदेली फेकतानाच गळून पडत असे. रात्रभर खडेमिठात ठेवलेली मांदेली तीन-चार वेळा फेकली तरी गळावर टिकते, आणि 20 रुपयांच्या वाट्यात दोन फेऱ्या होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मला मिळालेल्या अकरा रावसांपैकी सात या खारवलेल्या मांदेलीवर लागले.

एवढे सगळे जमून आल्यावरही मी स्विव्हल बदलली नाही, ही माझी चूक होती. जानेवारीतच ती आखडली होती, पण 130 रुपयांच्या रिगचा एक भाग टाकून द्यायला मन होत नव्हते. आता मी खरेदी करतानाच एक चाचणी घेतो आणि ती प्रत्येकाने घ्यावी असे मला मनापासून वाटते : स्विव्हलचे एक टोक हुकाला अडकवून दुसऱ्या टोकाला दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली दोरीने टांगावी आणि बाटलीला हलका पीळ द्यावा. चांगली स्विव्हल दोन किलोच्या ओढीखालीही मोकळी फिरते आणि दोरी शांत राहते. संचातली वापरलेली स्विव्हल जराही हलली नाही. नवी, पाकिटातली सुद्धा अर्धा फेरा घेऊन थांबली. दुकानात रिकाम्या हाताने बोटांत फिरवून पाहिल्यास यातले काहीच कळत नाही.

माझ्याकडे न वापरलेल्या दोन रिग उरल्या आहेत. काल मी त्यांच्या स्विव्हल कापून टाकल्या आणि तिथे क्रॉफर्ड मार्केटजवळून आणलेल्या स्टेनलेस स्टीलच्या, बाटलीच्या चाचणीत टिकलेल्या स्विव्हल बांधल्या. तिथीच्या पाऊणपट तासांनी भरती पूर्ण होते, या आपल्या जुन्या हिशेबाने अक्षय्य तृतीयेला पाणी सव्वादोनच्या सुमारास भरेल. मार्व्याहून बाराच्या सुमाराची फेरीबोट मिळाली तर चढत्या पाण्याचे दोन तास हाताशी राहतील, आणि मांदेली आदल्या रात्री मिठात घालून ठेवायची आहे.