पेलेट ग्रिलमध्ये पिझ्झा ओव्हनचा डबा: बसतो का, चालतो का, आणि पुण्यात काय काय लागतं

पेलेट ग्रिल लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर (पेलेटवर) चालतो: ऑगर नावाचा फिरता स्क्रू त्या हॉपरमधून, म्हणजे साठवणीच्या पेटीतून, फायर पॉट या जळणाच्या छोट्या भांड्यात ढकलतो आणि पंखा हवा देतो. असा ग्रिल सहसा २३० ते २६० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. त्या आचेवर पिझ्झा होतो, पण दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात कडा वाळते, आतला ओलावा उडून जातो आणि चीजचं तेल सुटतं. ग्रिलच्या आत ठेवायचा पिझ्झा ओव्हनचा डबा नेमकी ही अडचण सोडवतो. त्यातला दगड साडेतीनशे अंशांच्या आसपास तापतो आणि पिझ्झा तीन-चार मिनिटांत तयार होतो. वस्तू पैसे वसूल करणारी आहे, पण फायर पॉटशी तिची जुळणी नीट झाली तरच. ही जुळणी करायला पत्र्याचं काम जाणणारा कुणीही पुरतो. मापं मात्र ज्याची त्याने, ग्रिल उघडून, पट्टी लावूनच घ्यायची.

आधी डबा कसा चालतो ते पाहू. ग्रीन माउंटन ग्रिल्स या अमेरिकी कंपनीचा डबा या प्रकारात ओळखीचा आहे. त्यांच्या छोट्या ग्रिलसाठी एक आणि मोठ्यांसाठी एक, असे दोन आकार मिळतात. जाळी, तेलाचा ट्रे आणि खालचा उष्णतारोधक पत्रा काढायचा आणि डबा फायर पॉटच्या बरोबर वर येईल असा ठेवायचा. एरवी हा पत्रा ज्वाळा पसरवून सगळ्या बॅरलभर, म्हणजे ग्रिलच्या पिंपासारख्या पोटात, सारखी धग देतो. डबा बसवला की ज्वाळा पसरत नाहीत, दगडाखालून मागे जातात, मागच्या फटीतून वर चढतात आणि डब्याच्या वरच्या घुमटाला लागून पुढच्या तोंडातून बाहेर पडतात. ग्रिलचा तापमान मोजणारा सेन्सर डब्याच्या बाहेर, बॅरलच्या भिंतीवर असतो. त्यामुळे कंट्रोलरवर १७५ अंश दिसत असताना आतला दगड त्याच्या दुप्पट तापलेला असू शकतो.

कंपनीच्या स्वतःच्या ग्रिलमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या कंपनीच्या ग्रिलमध्ये तसं होत नाही. ट्रेगरचं १९८६चं मूळ पेटंट २००६ मध्ये संपलं आणि त्यानंतर बाजारात अनेक कंपन्या आल्या. प्रत्येकीने फायर पॉटची लांबी, रुंदी आणि उंची आपल्या सोयीने ठरवली. ‘सगळ्या ग्रिलना बसतो’ असं कुणी सांगितलं तर बॅरलमध्ये तेवढी जागा आहे इतकाच त्याचा अर्थ घ्यावा.

मापं चार घ्यायची. फायर पॉटच्या तोंडाची लांबी-रुंदी; बॅरलच्या तळापासून पॉटच्या काठाची उंची; काठापासून जाळीच्या आधारापर्यंतचं अंतर; आणि झाकण लावल्यावर जाळीपासून वरची मोकळी जागा. शेवटचं माप लोक हमखास विसरतात, मग घुमट झाकणाला टेकतो आणि झाकण पूर्ण बसत नाही. या मापांवर जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून आत ठेवून बघा. पुठ्ठा जिथे अडतो तिथे पत्राही अडणारच.

पॉट आणि डबा यांची जुळणी करणाऱ्या पत्र्याच्या चौकटीसाठी, म्हणजे अडॅप्टरसाठी, एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलचा ३ मिमी पत्रा घ्यावा. १.६ मिमीचा पत्रा स्वस्त पडतो, पण ज्वाळेवर थोडे दिवस राहिला की वाकतो आणि फट वाकडी होते. साधं लोखंड चालतं, मात्र त्याची पापुद्र्यांसारखी खपली निघून पॉटमध्ये पडत राहते. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कुणी कितीही गळ्यात मारला तरी घेऊ नये. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ज्वाळेत त्याचा विषारी धूर होतो. खाण्याच्या वस्तूखाली त्याचं काहीच काम नाही. भोसरी एमआयडीसीत लेझर कटिंग आणि बेंडिंग करणारी भरपूर युनिट आहेत. डीएक्सएफ ड्रॉइंग (कटिंग मशीनला चालणारी फाइल) तयार करून नेलं तर छोट्या कामालाही कुणी ना कुणी हो म्हणतं. नट-बोल्ट रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. ‘स्टीलचे द्या’ एवढंच म्हणू नका, एसएस ३०४ म्हणा आणि चुंबक सोबत ठेवा. चुंबक जोरात चिकटला तर बोल्ट परत करा.

आता खरा मुद्दा: पॉटचा काठ आणि डब्याचं खालचं तोंड यांमधली फट. डब्याचं तोंड पॉटपेक्षा चारही बाजूंनी २० ते २५ मिमी मोठं असावं आणि काठाच्या वर १५ ते २० मिमी राहावं. फट याहून मोठी झाली की ज्वाळा बाजूने निसटतात, बॅरल तापतं, सेन्सर लगेच भरपूर उष्णता दाखवतो, कंट्रोलर पेलेट कमी करतो आणि दगड अडीचशेवर अडकून बसतो. डबा वाईट आहे अशी तक्रार जिथे जिथे ऐकू येते तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. उलट फट पूर्ण बुजवली तर आणखी धोका. पंख्याची हवा पॉटच्या छिद्रांतून आत जाते तशी बाहेरूनही थोडी वर चढते, आणि ज्वाळा पूर्ण जळायला ती हवा लागते. वाट बंद झाली की धूर आणि आग मागे, ऑगरच्या नळीत शिरते. नळीतली आग हॉपरमधल्या पेलेटपर्यंत पोचली तर ग्रिलच जातो.

डब्याचं वजन फायर पॉटवर टाकायचं नाही. ३८० बाय ३८० मिमीचा आणि १५ मिमी जाडीचा कॉर्डिएराइटचा (उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकचा) दगड एकटाच साडेचार किलोच्या आसपास भरतो, वर पत्र्याचं वजन वेगळं. पॉटचा पत्रा पातळ असतो आणि राख काढायला तो सुटा करावा लागतो. म्हणून अडॅप्टरला एम ८चे चार बोल्ट पाय म्हणून लावावेत, वरखाली लॉकनट घालून. मग उंची १०-१५ मिमी इकडेतिकडे करता येते, आणि पहिल्या दोन-तीन पेटवणींत ती करावी लागतेच. यामुळे ग्रिलच्या बॅरलला एकही भोक पाडावं लागत नाही. मूळ पत्रा आणि जाळी परत ठेवली की ग्रिल पूर्वीसारखा. बॅरलला भोक पाडून डबा पक्का बसवणारेही आहेत, ते टाळावं. भोकाच्या कडेचा रंग उडतो आणि एका पावसाळ्यात गंज धरतो.

सेन्सरकडे दुर्लक्ष करू नका. डब्याचा कोपरा सेन्सरपासून किमान ५० मिमी लांब राहू द्या. जागाच नसेल तर मध्ये पत्र्याची उभी पट्टी लावा, पण सेन्सर चहूबाजूंनी झाकू नका. झाकला तर कंट्रोलरला बॅरल थंडच वाटतं आणि तो पेलेट ढकलत राहतो. झाकण वारंवार उघडं ठेवल्यानेही हेच होतं. पिझ्झा आत सरकवायचा, झाकण लावायचं, फिरवण्यापुरतं उघडायचं.

विजेचा विषय पुण्यात टाळता येत नाही. अमेरिकेहून आणलेला मोठा ग्रिल १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचा असतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतात. ५०० व्हीएचा आणि ११० व्होल्टचा टॅप, म्हणजे तेवढं व्होल्टेज देणारी जोडणी, असलेला घ्या. पेटवणाऱ्या रॉडला सुरुवातीची काही मिनिटं २०० ते ३०० वॅट लागतात, नंतर पंखा आणि ऑगर मिळून १०० वॅटच्या आत चालतात. व्होल्टेज बदललं तरी फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झच राहते. त्यामुळे ऑगरची एसी मोटर साधारण एक षष्ठांश हळू फिरते आणि पेलेट तेवढे कमी पडतात. शिवाय पूर्ण १२० व्होल्ट दिले तर ५० हर्ट्‌झवर मोटर जास्त तापते, म्हणून ११०चा टॅप. त्यात रॉडची शक्ती १६ टक्क्यांनी घटते आणि पेटायला जरा उशीर लागतो, तो सोसावा. ग्रीन माउंटनचा छोटा ग्रिल १२ व्होल्ट डीसीवर चालतो. त्याला हा त्रास नाही, मूळ वीज-अडॅप्टरइतक्या अँपिअरचा २३० व्होल्टचा वीज-अडॅप्टर पुरतो. पुण्यात नवीन ग्रिल घेणाऱ्याने याच कारणासाठी डीसी मॉडेल बघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वळवाच्या दिवसांत संध्याकाळी वीज जाते. तेव्हा पंखा थांबतो, पॉट मात्र पेलेटने भरलेला आणि लाल असतो, आणि आग ऑगरकडे सरकू लागते. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ग्रिल जोडलेला असेल तर हा प्रश्न येत नाही. वीज परत आल्यावर तसंच स्टार्ट दाबू नका. पॉट पूर्ण थंड होऊ द्या, रिकामा करा, मग पेटवा. भरलेल्या पॉटमध्ये धूर साठून एकदम पेट घेतला तर झाकण उडतं.

पेलेट ६ मिमी व्यासाचेच हवेत. आपल्याकडे बॉयलरसाठी बनणारे पेलेट अनेकदा ८ किंवा १० मिमीचे असतात, आणि ते शेंगदाण्याच्या टरफलांचे, उसाच्या चिपाडाचे किंवा मिश्र भुशाचे असतात. ऑगरमध्ये ते अडकतात, आणि अडकले नाहीत तरी त्यांची राख वितळून पॉटमध्ये खडा बनते आणि रॉडचं भोक बुजतं. भुशात प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा मिसळला असेल तर त्यातला गोंद जळून धुरात येतो. असे पेलेट अन्नासाठी नाहीतच. तपासायचं तर एक किलो पेलेट जाळून राख तोला. लाकडाच्या चांगल्या पेलेटची राख १० ग्रॅमच्या आत भरते. दुसरी चाचणी पाण्याची: चांगला पेलेट बुडतो. पिझ्झासाठी तासाला दीड किलोच्या आसपास पेलेट धरा, आणि जून ते सप्टेंबर ते घट्ट झाकणाच्या ड्रममध्येच ठेवा. दमट पेलेट फुगून भुगा होतात आणि हाच भुगा ऑगर अडवतो.

पहिल्यांदा पेटवण्याआधी बॅरलमधलं तेल खरवडून काढा. एरवी रोधक पत्र्याखाली लपलेलं चिकनच्या मसाल्याचं तेल आता थेट ज्वाळेसमोर येतं. मग झाकण उघडं ठेवून ज्वाळा दिसेपर्यंत थांबा, झाकण लावा, कंट्रोलर १५० अंशांवर ठेवा. वीस मिनिटांनी इन्फ्रारेड गनने दगड मध्ये, मागे आणि पुढे मोजा. गन ५५० अंशांपर्यंत मोजणारी असावी. चकचकीत स्टीलवर ती फार कमी दाखवते, म्हणून फक्त दगड मोजा. मग १५-१५ अंशांनी वाढवत जा. मैद्याच्या वजनाच्या ६० टक्के पाणी घालून मळलेल्या पिठाला दगड ३४० ते ३७० अंश हवा. त्याहून जास्त नेला की बूड काळं आणि वर कच्चं.

बूड आणि वरचा भाग एकाच वेळी भाजून होणं हीच या डब्याची सर्वात कठीण परीक्षा आहे. भाकरीला तव्यानंतर निखारा दाखवतात, तशी पिझ्झ्याला वरून धग लागते, आणि ती घुमटातूनच येते. दगड आणि घुमट यांत ११० ते १३० मिमी अंतर ठेवा, मागची फट ३० ते ४० मिमी ठेवा. दगडाचा मागचा भाग पुढच्यापेक्षा ६० अंशांहून जास्त तापत असेल तर दगडाखाली मागच्या बाजूला ३ मिमीची एसएस पट्टी १२ मिमी अंतर सोडून लावा. हा छोटासा पत्रा सगळ्या फेरफारात सर्वात जास्त फरक पाडतो. तरीही दर ४५ सेकंदांनी पिझ्झा फिरवावा लागतो. पिझ्झा सरकवायच्या फावड्यावर मैद्याऐवजी बारीक रवा भुरभुरा. मैदा दगडावर जळून कडू होतो. पनीर किंवा ताजं मोझरेला घालणार असाल तर आधी कापडात दाबून पाणी काढा.

दगडाच्या जागी कडप्पा किंवा ग्रॅनाइट कापून बसवायचा मोह होतो, कारण तो कोपऱ्यावर मिळतो. कडप्प्याचे थर असतात, त्यांत अडकलेलं पाणी वाफ झालं की थर उडतात. ग्रॅनाइट तडकतो. कॉर्डिएराइटच घ्या, १२ ते १५ मिमीचा.

फ्लॅटच्या गॅलरीत हे लावू नका. कार्बन मोनॉक्साइड घरात येतो आणि सुरुवातीच्या दहा मिनिटांचा धूर शेजाऱ्यांकडे जातो. गच्ची किंवा अंगण हवं, आणि डब्याचं तोंड असं ठेवा की वारा थेट त्यात शिरणार नाही.

कुणी घ्यावा? ज्याच्याकडे पेलेट ग्रिल आधीच आहे आणि जाळीपासून झाकणापर्यंत किमान २०० मिमी जागा आहे, त्याने नक्की घ्यावा. गॅसच्या ओव्हनमध्ये न मिळणारा लाकडाचा हलका वास पिठाला येतो आणि दुसरं यंत्र ठेवायला जागा लागत नाही. ज्याला फक्त पिझ्झाच करायचा आहे त्याने यासाठी पेलेट ग्रिल विकत घेऊ नये, गॅसचा ओव्हन घ्यावा. एका वेळी दहा-पंधरा जणांना पिझ्झा द्यायचा असेल तरीही गॅसच बरा, कारण दर दोन-तीन पिझ्झ्यांनंतर या दगडाला परत तापायला पाच-सात मिनिटं द्यावी लागतात.

काम झाल्यावर प्लग उपटू नका. बंद करण्याचं बटण दाबून पंखा आपोआप थांबेपर्यंत थांबा. दगड पाण्याने धुऊ नका, खरवडून पुसा. पावसाळ्यात बरेच दिवस पडून राहिलेला दगड आधी कमी आचेवर, शंभर-सव्वाशे अंशांवर तासभर वाळवा आणि मगच पूर्ण तापवा, नाहीतर आतल्या ओलीने तो मधोमध तडकतो.